गाणारीचं मानधन



आपल्या सातारा-सांगलीत मुलीला हौसेनं गाणं शिकवतात. पण त्यावर तिनं पोट भरायचं म्हटलं, की घर गप्प होतं. म्हणून आज मी गाण्यावर जगलेल्या दोघींबद्दल बोलणार आहे.

हिराबाई बडोदेकर १९०५ साली मिरजेत जन्मल्या. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. पुढे आई मुलांना घेऊन वेगळी झाली. गाणाऱ्या बायका बहुधा श्रीमंतांच्या खासगी बैठकीत गात, त्या काळात हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. तिकीट म्हणजे काय? यजमानाच्या मर्जीऐवजी ठरलेला मोबदला. आणि ते काढेल त्या कुणालाही, बाईलासुद्धा, समोर बसून ऐकता येणं. त्यांनी विद्याही दिली. प्रभा अत्रे त्यांच्याकडे शिकल्या. १९७० साली हिराबाईंना पद्मभूषण मिळालं.

वाईच्या यमुनाबाई वाईकर लहानपणी आईबरोबर रस्त्यावर गात-नाचत. पुढे बैठकीच्या लावणीत त्यांनी नाव कमावलं. पद्मश्री मिळाली २०१२ साली, नव्वदी ओलांडल्यावर. २०१८ साली त्या गेल्या. लावणीला दाद आणि लावणी करणारीला नावं, हा समाजाचा जुनाच हिशेब.

सन्मान उतारवयात येतात. चूल मात्र रोज पेटवावी लागते. तेव्हा एक सूचना करते. मेळाव्याच्या खर्चात आपण मंडप, माईक, चहा मांडतो. त्याच कागदावर गाणारीचं मानधनही मांडू या. आणि आपल्या मुलींना गाणं शिकवणारी बाई असेल, तर तिची फीसुद्धा.