पोटावरची पिशवी आणि पक्के बिल

मंडळी, आज ज्या विषयावर बोलायचे आहे, त्याविषयी माणसे चारचौघांत बोलत नाहीत. आतड्याचा कर्करोग झाला, पीळ पडला किंवा अपघातात आतडे फाटले, तर डॉक्टर कधीकधी पोटावर एक तोंड करून मळाचा मार्ग तिकडून काढतात. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. त्यावर पिशवी चिकटवायची. कुणाला ती काही महिने लागते, कुणाला जन्मभर.

माणूस दुखण्यातून उठतो, पण वासाच्या धास्तीने घरात बसतो. सणसरला तुकोबारायांची पालखी मुक्कामाला येते, सारा गाव कीर्तनाला लोटतो, आणि हा एकटाच ओसरीवर. वास्तविक पिशवी नीट बसली असेल तर वास बाहेर येत नाही. तो येतो कडेने गळती झाली तर, किंवा पिशवी रिकामी करताना. म्हणून एक तृतीयांश भरली, की ती रिकामी करावी आणि खालचे तोंड स्वच्छ पुसावे. हवा जावी म्हणून टाचणीने भोक पाडू नये. आत अ‍ॅस्पिरिनची गोळी टाकू नये. तिने स्टोमाला इजा होऊन रक्त येऊ शकते. कांदा, लसूण, अंडी, कोबी यांनी वास वाढतो. ताकाने काहींना फरक पडतो. पिशवीत टाकायचे वासनाशक थेंबही मिळतात.

आता पैशाची बाजू पाहू, कारण हा खर्च महिन्याच्या महिन्याला येतो. अमेरिकेत अशा प्रत्येक वस्तूला बिलासाठी वेगळा क्रमांक आहे. पिशवीतल्या पातळ वासनाशकाला ए 4394 आणि गोळीला ए 4395. आपल्याकडे दुकानदाराच्या बिलावर जीएसटीचा क्रमांक असतो. स्टोमाच्या साधनांचा क्रमांक 3006 ने सुरू होतो. त्यांवरचा कर 18 जुलै 2022 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणला गेला. त्या सवलतीच्या यादीत पिशवी, चकती, चिकटवण्याची पेस्ट, त्वचेचे मलम, पट्टा, चिकटपट्टी ही नावे आहेत. वासनाशकाचे नाव मात्र नाही. म्हणून थेंबांची बाटली बिलात वेगळ्या ओळीत लिहून घ्यावी आणि प्रत्येक ओळीवर किती कर लावला, ते पाहावे.

खासगी आरोग्य विमा असेल त्यांनी अधिक जपावे. विमा नियामक प्राधिकरणाने न मिळणाऱ्या खर्चांची जी यादी दिली, तिच्यात तपशील न लिहिलेला ‘किट’ आहे, आणि क्रीम, पावडर, लोशन हेही आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे दुकानदाराने घाईत ‘किट’ किंवा ‘लोशन’ एवढेच लिहिले, तर रास्त मागणीही नाकारली जाऊ शकते. म्हणून डॉक्टरांकडून आधी चिठ्ठी घ्यावी. ‘स्टोमासाठी अमुक पिशव्या, अमुक वासनाशक, महिन्याला इतके’ असे त्यांच्या सहीने असावे. बिलातली नावे तिच्याशी जुळावीत. दवाखान्यातून सुटी होताना मिळणाऱ्या कागदावर कोणती शस्त्रक्रिया झाली, तेही स्पष्ट असावे. एवढे करूनही पैसे मिळतीलच असे नाही. पॉलिसीत सुटीनंतरचे किती दिवस धरले आहेत, तेही वाचावे.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखाली शस्त्रक्रिया झाली असेल, तर घरी गेल्यावरच्या पिशव्यांचे काय, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला सुटीच्या आधीच विचारावे. मागाहून हेलपाटे घालण्यापेक्षा ते बरे.

गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. गावात पुष्कळांना बिलातली इंग्रजी अक्षरे लागत नाहीत, आणि लाजेने ते विचारीतही नाहीत. असा कागद कुणी घेऊन आला, तर दार लोटून घ्या आणि त्याला एकेक ओळ वाचून दाखवा. वर्गातल्या एखाद्या लेकराला अशी पिशवी असेल, तर त्याला न विचारता बाहेर जाण्याची मुभा असू द्या. कागद नीट असला तर चार पैसे वाचतील. आणि तुमच्या वागण्याने तो माणूस पुन्हा कीर्तनाला येऊन बसेल.