शब्दांच्या धंद्यातला नवा शेजारी
(युवा कार्यशाळेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता 'एआय आणि तरुण'. तो मला झेपणारा नाही. मी संगणकशास्त्राचा माणूस नव्हे. गेली अनेक वर्षं मी जनसंपर्काचं काम करतो. प्रेसनोट, पत्रकं, अहवाल, पाहुण्यांची भाषणं, दवाखान्याच्या भिंतीवरच्या सूचना. एकाचं म्हणणं दुसऱ्याला कळेल अशा शब्दांत लिहून द्यायचं, एवढाच माझा धंदा. आणि आता हे यंत्र माझ्याच दुकानासमोर दुकान थाटून बसलंय, वर फुकट माल वाटतंय! त्यामुळे त्याच्याशी ओळख करून घेणं मला भागच होतं. ती ओळख कशी झाली, तेवढंच सांगतो.

३० नोव्हेंबर २०२२ ला ओपनएआय कंपनीने चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं केलं. पुढच्या वर्षी गूगलचा बार्ड आला, ज्याला २०२४ पासून आपण जेमिनी म्हणतो. अँथ्रोपिकचा क्लॉड आला, मायक्रोसॉफ्टचा कोपायलट आला, शोध घेऊन उत्तर देणारा परप्लेक्सिटी आला. आणि २०२४ च्या मध्यावर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ते निळं-जांभळं वर्तुळ येऊन बसलं. त्यासाठी आपल्यापैकी कोणी अर्ज केला नव्हता. आज आमच्या मोहल्ल्यातल्या खालासुद्धा त्याला विचारतात, आणि ते काय आहे हे मात्र कोणाला विचारत नाहीत.

तर ते काय आहे? मी एक वाक्य म्हणतो : 'सकाळी उठल्यावर अम्मीने मला गरमागरम...' पुढचा शब्द? बघा, सगळे 'चहा' म्हणालात. तुम्ही माझ्या अम्मीला ओळखत नाही, मी चहा पितो की नाही हेही तुम्हाला ठाऊक नाही. पण असं वाक्य बहुतेक वेळा असंच पूर्ण होतं, हे तुमच्या कानाला माहीत आहे. चॅटबॉटच्या मुळाशी हेच काम आहे. प्रचंड मजकुरावरून शिकून पुढचा तुकडा कोणता यावा, याचा अंदाज तो बांधतो. त्यावर माणसांनी 'हे उत्तर चांगलं, हे वाईट' असं शिकवून त्याला वळण लावलेलं असतं. आता बरेच चॅटबॉट इंटरनेटवर शोधही घेतात, त्यामुळे काम सुधारलंय. पण मूळ स्वभाव तोच. त्याचं पहिलं काम वाक्य शोभेल असं पूर्ण करणं आहे. ते खरं असेलच असं नाही.

म्हणूनच २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निकाल कोर्टात दाखल केले आणि ते निकाल अस्तित्वातच नव्हते. पाच हजार डॉलर दंड झाला. त्यातली गंमत अशी की वकिलाने त्यालाच विचारलं होतं, 'हे निकाल खरे आहेत ना?' आणि तो म्हणाला होता, हो. साक्षीदारालाच 'तू खरा ना?' असं विचारून उलटतपासणी संपवायची, असला हा प्रकार.

दुसरी खोड आमच्या धंद्यातली माणसं लगेच ओळखतात : हांजी हांजी. तुम्ही कच्चं पत्रक दाखवलंत की तो म्हणतो, फारच प्रभावी! एप्रिल २०२५ मध्ये तर ओपनएआयला आपल्या एका नव्या आवृत्तीत केलेला बदल मागे घ्यावा लागला, कारण ती वापरणाऱ्याची अती खुशामत करत होती. त्यामुळे मी कधीच विचारत नाही की 'हे कसं वाटलं'. मी विचारतो, 'हे पत्रक वाचून चिडणारा माणूस कोणत्या वाक्यावर बोट ठेवेल?' मग तो कामाचं बोलतो.

आता मराठीकडे येऊ. या यंत्रांनी वाचलेल्या मजकुरात इंग्रजीचा डोंगर आहे आणि मराठीची ओंजळ. इंग्रजी विकिपीडियावर सत्तर लाखांच्या आसपास लेख आहेत, मराठीवर एक लाखाच्या आसपास. परिणाम असा की तो मराठी लिहितो, पण सांगाडा इंग्रजीचा असतो. मी एकदा संस्थेसाठी पत्र मागितलं, तर पहिलंच वाक्य आलं, 'मला आशा आहे की हे पत्र आपल्याला सुस्थितीत सापडेल.' जणू पत्र आपल्याला शोधत गल्लोगल्ली फिरतंय. त्याला सांगावं लागतं की मराठी पत्र 'सप्रेम नमस्कार, पत्रास कारण की' असं सुरू होऊ शकतं. सांगितलं की ऐकतो, हेही खरं.

आणि मराठी मुसलमान? इथे जरा थांबतो.

२०२१ साली अबुबकर अबिद, माहीन फारुकी आणि जेम्स झू या संशोधकांनी जीपीटी-३ ची तपासणी केली होती. 'दोन मुस्लिम आत शिरले' अशा अर्थाचं अर्धवट इंग्रजी वाक्य त्याला शंभर वेळा पूर्ण करायला दिलं. ६६ वेळा त्याने पुढे हिंसा आणली. कोणी शिकवलं नव्हतं त्याला. जगाने जे लिहिलं, तेच त्याने परत केलं. त्यानंतरच्या आवृत्त्यांमध्ये सुधारणा झाली, एवढं उघड वैर आता सहसा दिसत नाही. आता दिसतो तो गोड साचा. मी एका चॅटबॉटला सांगितलं, रत्नागिरीकडच्या मराठी मुस्लिम घरातल्या मुलाची गोष्ट लिही. नाव सांगत नाही, कारण महिन्यागणिक ही यंत्रं बदलतात. गोष्टीत हवेली आली, शेरवानी आली, बिर्याणी आली, आजोबा दर वाक्याला 'जनाब' म्हणू लागले. रत्नागिरीतले आजोबा! ज्यांच्या घरी तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण असतं, जे कोकणी बोलतात, ज्यांचा एक मुलगा बोटीवर आणि एक कुवेतला असतो, त्यांना त्याने थेट लखनौला नेऊन बसवलं.

मला राग आला नाही. म्हटलं, याने वाचलं असेल तेच लिहिणार. आपण आपल्याबद्दल मराठीत लिहिलंय किती, आणि त्यातलं इंटरनेटवर आहे किती?

याहून गंभीर गोष्ट फातिमा शेख यांची. सावित्रीबाईंनी १८५६ साली जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. त्याशिवाय त्यांच्याविषयी भक्कम कागद फार थोडे आहेत. जानेवारी २०२५ मध्ये तर त्या काल्पनिकच आहेत, असा दावा समाजमाध्यमांवर झाला आणि मोठा वाद पेटला. आता कल्पना करा, तुमच्या मंडळाला त्यांच्यावर पोस्टर करायचं आहे. चॅटबॉटला विचारलंत. त्याच्याकडे धागे थोडे आहेत, पण 'माहीत नाही' म्हणण्यापेक्षा वाक्य पूर्ण करण्याकडे त्याचा कल. मी विचारून पाहिलं तेव्हा त्याने त्यांचं बालपण दिलं, शिक्षण दिलं, एक बाणेदार उद्गारही दिला, अवतरणचिन्हांसकट. उद्गार इतका छान की पोस्टरवर लावायचा मोह व्हावा. विचारलं, हा कुठल्या कागदात आहे? तर माफी मागून मोकळा.

हे पोस्टर लागलं असतं तर काय झालं असतं? विरोधक त्यातला एकच बनावट उद्गार पकडणार आणि म्हणणार, बघा, सगळंच बनावट. सावित्रीबाईंच्या पत्रातला खरा उल्लेखही मग त्या गदारोळात बुडणार. ज्या समाजाला आपलं म्हणणं खरं ठरवण्यासाठी दुप्पट पुरावा द्यावा लागतो, त्याला एक खोटं वाक्य दहापट महाग पडतं. श्रीगोंद्याचे शेख महंमद, अमर शेख, हमीद दलवाई, यांच्यावर लिहितानाही हेच. चॅटबॉटकडून मजकुराची मांडणी घ्या. माणूस, तारीख आणि उद्गार मात्र पुस्तकातून घ्या.

दुसरं उदाहरण घरातलं आहे. तलाकनंतर पोटगी मिळते का, हा प्रश्न आपल्या बहिणी आता फोनला विचारतात. वकिलाकडे जायला लाज वाटते, पैसे नसतात, फोन मात्र रात्री बारालाही जागा असतो. मी हा प्रश्न तीन तऱ्हांनी विचारून पाहिला. 'इद्दतनंतर पोटगी मिळत नाही ना?' असं विचारलं, तेव्हा उत्तर १९८६ च्या कायद्याकडे झुकलं आणि 'साधारणपणे इद्दतपुरतीच' असं निघालं. 'माझा हक्क काय?' असं विचारलं, तेव्हा वेगळं निघालं. कायदा तोच होता, फक्त प्रश्नाचा सूर बदलला होता. बहुतेक बहिणी पहिल्याच तऱ्हेने विचारतात, कारण घरात त्यांना तेच सांगितलेलं असतं.

खरी स्थिती ऐका. शाहबानो निकाल १९८५ चा. त्यानंतर १९८६ चा कायदा आला. २००१ मध्ये दानियल लतीफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पतीने इद्दतीच्या काळात पत्नीच्या पुढच्या आयुष्याचीही वाजवी तरतूद केली पाहिजे. १० जुलै २०२४ ला मोहम्मद अब्दुल समद प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केलं की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली तलाकशुदा मुस्लिम महिलाही पोटगी मागू शकते. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कलम १४४ मध्ये आहे. जुन्या मजकुरावर पोसलेला चॅटबॉट यातलं काय सांगेल आणि काय गाळेल, याचा भरवसा नाही. म्हणून त्या बहिणीला सांगा, चॅटबॉटकडून आपली हकिगत तारीखवार लिहून घे, अर्जाचा कच्चा मसुदा करून घे, ते तो झकास करतो. पण हक्क काय आहे ते विधी सेवा प्राधिकरणात विचार. १९८७ च्या कायद्याने महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइनचा नंबर १५१००.

आता थोडं माझ्या कामाबद्दल, कारण मुलं नेहमी विचारतात, 'सर, तुमची नोकरी जाणार का?' काही कामं गेली आहेत. शुभेच्छांचे संदेश, गोल गोल वार्षिक अहवाल मला आता कोणी लिहायला देत नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं दुःख नाही. राहिलंय ते वेगळं. प्रेसनोट लिहिण्याआधी मी विचारतो : कोण बोलतंय, कोणाशी, आत्ताच का, आणि ऐकणाऱ्याने नंतर काय करावं? हे चार प्रश्न मी चॅटबॉटलाही उत्तरांसकट देतो. 'रक्तदान शिबिराची बातमी लिही' म्हटलं तर 'मान्यवरांच्या शुभहस्ते' सुरू होतं. 'वाचणारी बाई घरकाम करते, तिला रविवारी सकाळी एकच तास मोकळा आहे, ती आधी कधी रक्त दिलेली नाही आणि घाबरते' एवढं सांगितलं की मजकूर माणसात येतो. पण ती बाई मला माहीत आहे, त्याला नाही. तिच्याशी बोलायला मला जिना चढून जावं लागतं.

एक गोष्ट घाईने सांगतो, पण विसरू नका. त्याला सांगितलेलं त्याच्यापाशीच राहतं असं समजू नका. बऱ्याच फुकट सेवांमध्ये तुमचं बोलणं पुढच्या प्रशिक्षणासाठी वापरलं जाऊ शकतं. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करण्याची सोय अनेक ठिकाणी आहे, आज घरी गेल्यावर शोधा. २०२५ च्या उन्हाळ्यात तर चॅटजीपीटीवर लोकांनी शेअर केलेली काही संभाषणं गूगलच्या शोधात दिसू लागली होती. कंपनीने मग ती सोय काढून टाकली. आधार क्रमांक, एफआयआरची प्रत, कोणाच्या तब्येतीचे कागद, संस्थेतल्या भांडणाची हकिगत तिथे टाकू नका. नावं बदलून विचारा.

माझं बोलणं इथे थांबवतो, कारण पुढचा तास तुमचा आहे. पाच-पाच जणांचे गट करा. प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या दर्ग्याची, मशिदीची किंवा उर्दू शाळेची माहिती वेगवेगळ्या चॅटबॉटना मराठीत विचारा. जे खोटं किंवा अर्धवट निघेल ते फळ्यावर लिहा, आणि बाजूला लिहा की खरं कोणाला माहीत आहे : कोणत्या आजोबांना, कोणत्या पेटीतल्या कागदाला. फळा मी पुसणार नाही, त्याचा फोटो काढून घ्या. चार्जर मागच्या टेबलावर आहेत.