मिठाचं खातं, पाण्याचा ताळेबंद

(संस्थेच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक बैठकीत दिलेलं व्याख्यान)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा प्रत्येक सभेत एकच विषय असायचा : गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आलं? आज मी पाण्यावरच बोलणार आहे, पण पोटात जाणाऱ्या. मी डॉक्टर नाही. पस्तीस वर्षं बँकेत काढली, आकडे जुळले नाहीत की झोप लागत नाही, एवढीच माझी पात्रता. आजचा आकडा आहे रक्तातल्या सोडियमचा. तो साधारण १३५ ते १४५ च्या दरम्यान असावा लागतो. गेल्या मे महिन्यात माझा ११८ झाला होता.

झालं असं. मला रक्तदाबाची गोळी चालू होती. तिच्यात लघवी वाढवणारं औषधही आहे, हे मला ठाऊक नव्हतं. त्यात मोबाइलवर एक संदेश आला : मीठ म्हणजे विष, रोज पाच लिटर पाणी प्या. मी पडलो शिस्तीचा माणूस. सकाळी पाच बाटल्या भरून टेबलावर ओळीने मांडायच्या आणि झोपेपर्यंत संपवायच्या. मीठ जवळपास बंद. सौ. म्हणाली, "अहो, वरणातसुद्धा मीठ नको म्हणजे अतिच झालं." मी ऐकलं नाही.

दोन आठवड्यांत डोकं जड झालं, मळमळायला लागलं, चालताना तोल जाऊ लागला. मेंटेनन्सच्या पावत्यांची बेरीज तीनदा केली, तिन्ही वेळा वेगळी आली. मग एका सकाळी नातवाला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारली, आणि आज वार कोणता ते सांगता येईना. घरात सगळे हळू आवाजात बोलू लागले. मुलगा विसरभोळेपणाच्या डॉक्टरांची वेळ घेत होता, हे मला नंतर कळलं. नशिबाने आपल्या बी विंगमधल्या नर्सताई काही कामासाठी घरी आल्या. म्हणाल्या, "काका पंधरा दिवसांत एवढे म्हातारे होत नसतात. आधी सोडियम तपासून घ्या." त्याच दुपारी मी दवाखान्यात भरती झालो.

तिथे मला वाटलं, सलाइनची बाटली लावतील, संध्याकाळी घरी. पण डॉक्टरांनी चार दिवस ठेवून घेतलं. पडलेलं सोडियम घाईने वर चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून दर काही तासांनी रक्त तपासत बेताबेताने चढवलं. गोळी बदलली, पाणी मोजून दिलं.

आता यामागचा हिशेब बघू. आपल्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. ते पेशींच्या आत असतं आणि बाहेरही. सोडियम मुख्यतः पेशींच्या बाहेर असतं, म्हणजे काउंटरवरची रोकड. पोटॅशियम आत असतं, म्हणजे लॉकरमधला ऐवज. प्रत्येक पेशीच्या दारात एक पंप बसलेला आहे. तो तीन सोडियम बाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, रात्रंदिवस, बँक हॉलिडे नाही! हा पंप शोधणारे डेन्मार्कचे स्काऊ यांना १९९७ साली नोबेल मिळालं.

रक्तातला सोडियमचा आकडा म्हणजे पाण्याशी असलेलं त्याचं प्रमाण. मीठ कमी आणि पाणी फार, की आकडा घसरतो. मग बाहेरचं पाणी पेशींमध्ये शिरतं आणि पेशी फुगतात. हातापायाला फुगायला जागा आहे. मेंदू कवटीत बंद, तो फुगून जाणार कुठे? म्हणून बेरीज चुकते, वार आठवत नाही आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर फिट येते, जीवही जातो.

तरुणपणी मूत्रपिंडं जादा पाणी सहज बाहेर टाकतात. वयाबरोबर ती ताकद घटते, आणि माझ्या गोळीने तर सोडियम बाहेर काढून पाणी आत अडवलं होतं. उलट बाजूही आहे : म्हातारपणी तहान कमी लागते. त्यामुळे आपल्या वयात पाणी फार झालं तरी धोका आणि कमी पडलं तरी धोका.

कमी पडण्याचं उदाहरण म्हणजे जुलाब. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून देण्याचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजायला लावलं. सुमारे तीस टक्क्यांवर गेलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. यातली मेख अशी, की साखर आतड्यात सोडियमला आत घेऊन जाते आणि त्यांच्यामागून पाणी जातं. घरी करायचं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. अंदाजपंचे नाही, मोजून. ओआरएसची पुडी मिळाली तर उत्तमच.

म्हणून उद्यापासून लोणचं-पापड सुरू करा असं मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे सगळं धरून जेमतेम एक छोटा चमचा. ते बरोबरच आहे. पण कमी करणं वेगळं आणि बंद करणं वेगळं. 'लो सोडियम' मीठ घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारावं. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड अधू असेल किंवा रक्तदाबाची काही औषधं चालू असतील, तर ते रक्तात साचून हृदयाचे ठोके बिघडवतं.

माझी विनंती दोनच गोष्टींची. आपल्या गोळीत लघवीचं औषध आहे का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा, आणि पाणी-मिठाचा मोठा बदल त्यांना सांगितल्याशिवाय करू नका. दुसरी विनंती घरातल्या तरुण मंडळींना : आई-बाबा, आजी-आजोबा अचानक गोंधळल्यासारखे वागू लागले, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, सोडियम तपासा. साधी रक्ततपासणी आहे.

घरी परतल्यावर मी त्या पावत्या पुन्हा काढल्या. बेरीज पहिल्याच फटक्यात जुळली. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.



(वक्ते निवृत्त बँक अधिकारी असून संस्थेचे माजी खजिनदार आहेत.)