जादा तासाची मालकी

(दुबईतील मराठी मंडळींच्या वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, १२ सप्टेंबर २०२१ हा रविवार इथल्या बऱ्याच पालकांच्या लक्षात असेल. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचं केंद्र त्या दिवशी पहिल्यांदा दुबईत उघडलं. कोविडच्या दिवसांत मुलाला घेऊन भारत गाठायचा घोर संपला.

त्याच दिवशी, त्याच पेपराला मुंबईत कांदिवलीच्या एका केंद्रावर एक मुलगी बसली होती. तिला डिसग्राफिया. उत्तर डोक्यात तयार असतं, हात साथ देत नाही. अर्जात दिव्यांग म्हणून नोंद होती, ४० टक्क्यांचा दाखला होता आणि नियमाप्रमाणे तीन तासांवर एक तास जादा मिळायला हवा होता. तीन तास झाले, घंटा वाजली आणि इतरांबरोबर तिचाही पेपर काढून घेतला. केंद्रावर नियमाची माहितीच नव्हती.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २३ नोव्हेंबर २०२१ ला न्या. चंद्रचूड आणि न्या. बोपण्णा यांनी निकाल दिला. फेरपरीक्षा नाकारली, कारण पंधरा लाखांहून जास्त मुलांचे प्रवेश त्यावर अडले होते. पण अन्याय झाल्याचं मान्य केलं, त्याची भरपाई कशी करता येईल ते आठवडाभरात ठरवा असं परीक्षा घेणाऱ्या एनटीए या सरकारी संस्थेला सांगितलं, आणि केंद्रावरच्या माणसांना नियम शिकवा असंही बजावलं. मला हे शेवटचं सर्वांत मोलाचं वाटतं.

आता इथलं बघू. अमिरातीचा दिव्यांगांसाठीचा फेडरल कायदा २००६ चा आहे. दुबईच्या खासगी शाळांसाठी केएचडीए या इथल्या शिक्षण नियामकाचं समावेशक शिक्षणाचं धोरण २०१७ पासून आहे. आपली सीबीएसईही तीन तासांच्या पेपरला एक तास जादा देते. मूल बारावीपर्यंत सुखरूप येतं, पालक निर्धास्त होतात आणि नेमके तिथेच फसतात. शाळेच्या इन्क्लूजन विभागाची जाडजूड फाइल प्रवेश परीक्षेला उपयोगी पडत नाही. भारताच्या २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे २०२५ पर्यंत अंध, दोन्ही हात बाधित असलेले आणि सेरेब्रल पाल्सी असलेले उमेदवार सोडले, तर बाकीच्यांना लेखनिकासाठी सिव्हिल सर्जन, मुख्य वैद्यकीय अधिकारी किंवा सरकारी रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक यांचा दाखला लागत असे. दुबईच्या करामात सिव्हिल सर्जन कुठून आणायचा? मग सुट्टीत मुंबई गाठायची आणि हाजीअलीच्या किंवा जेजेच्या सरकारी रुग्णालयात रांग लावायची. स्वतःचा लेखनिक न्यायचा तर तो एक इयत्ता खालचा लागे. अकरावीचं पोर, तेही परक्या देशात, कुणाच्या घरून उचलून आणायचं?

आपल्यातही खोट आहे, हे बोलायलाच हवं. ‘शिक्का नको’ म्हणून तपासणीच टाळणारी घरं कमी नाहीत. नववीत जे सहज झालं असतं, त्यासाठी बारावीच्या डिसेंबरात धावाधाव होते.

अमेरिकेच्या कॉलेज बोर्डाची पद्धत पाहा. शाळेमार्फत अर्ज करायचा, तपासायला ते सात आठवड्यांपर्यंत घेतात. पण एकदा मंजुरी मिळाली की त्यांच्या सॅट परीक्षेला चालते आणि एपी परीक्षांनाही. आपल्याकडे सीबीएसई आणि एनटीए दोन्ही एकाच शिक्षण मंत्रालयाखाली. दहावीला आणि बारावीला ज्या मुलाला सरकारी मंडळाने स्वतः एक तास दिला, त्याच्याकडे सरकारी परीक्षा संस्थेने पुन्हा पहिल्यापासून पुरावा का मागावा? मंडळाची मंजुरी पुरेशी धरा, एवढी एक मागणी इथल्या पालकांनी एकत्र येऊन लेखी करायला हवी.

ती मान्य होईपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. भारतात दोनला सुरू होणारा पेपर इथे साडेबाराला सुरू होतो. साडेतीनला वर्ग रिकामा होईल, तेव्हा आपलं मूल साडेचारपर्यंत बसणार आहे, हे केंद्रप्रमुखांना आधी पत्राने कळवा आणि पोच घ्या.