पडद्यामागचा दिवा

बीड जिल्ह्यांतील एखाद्या घरीं सायंकाळच्या बातम्या चालू असतां दूरचित्रवाणीचा पडदा एकाएकीं काळा होतो. निवेदकाचा आवाज मात्र पूर्ववत् ऐकूं येत असतो. ‘टीव्ही गेला,’ असा निकाल वडील मंडळी देतात आणि नव्या संचाचा बेत ठरूं लागतो. अशा वेळीं, संच चालू असतांनाच, खोलींत अंधार करून पडद्यावर जवळून तिरकी विजेरी धरावी. अंधुक चित्र हलतांना दिसलें, तर पडदा शाबूत आहे. विझला आहे तो त्यामागील दिवा.

या दिव्यालाच बॅकलाइट म्हणतात. द्रवस्फटिकांचा पडदा स्वतः प्रकाश देत नाहीं, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. विजेच्या दाबानें स्फटिकांची रचना पालटते, त्यामुळें मागून येणारा प्रकाश कोठें पुढें जातो, कोठें अडतो. तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्या त्याला रंग देतात. ही युक्ति महाराष्ट्राला अगदींच अपरिचित नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन ‘शांबरिक खरोलिके’चे खेळ करीत, तेव्हांही रंगविलेल्या कांचेमागें दिवाच असे.

प्रारंभीं हें काम पारा घातलेल्या बारीक कांचनळ्या करीत. पुढें निळा प्रकाश देणारा डायोड साधला. त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यावर पिवळसर प्रकाश देणारा लेप चढविला म्हणजे पांढरा उजेड मिळतो. नळ्या जाऊन हे दिवे आले आणि दुकानदार संचालाच ‘एलईडी’ म्हणूं लागले. नांव दिव्याचें, मिरवतो पडदा!

दिवे केवळ कडेला असले, तर संच सडपातळ होतो, परंतु रात्रीचे प्रसंग राखाडी दिसतात. ते सबंध पाठीमागें कप्प्याकप्प्यांनीं बसविले, तर काळोख्या भागांतील दिवे मंद करतां येतात. कप्पे थोडे असल्यास चंद्राभोवतीं नसतें खळें दिसतें. ओएलईडींत प्रत्येक बिंदु स्वयंप्रकाशी असल्यानें मागें दिवाच लागत नाहीं.

पट्टीवरील दिवे बहुधा एकापुढें एक जोडलेले असतात. एक तुटला कीं सारी ओळ विझते. उष्णता त्यांचा मोठा शत्रु, आणि बीडच्या वैशाखांत उष्णतेला तोटा नाहीं. म्हणून पडद्याचें तेज बेतानें ठेवावें. संचाच्या विजेचा मोठा वांटा हाच दिवा खातो. आणि परळीचें वीजकेंद्र २०१३ त पाण्याअभावीं बंद पडलेलें या जिल्ह्यानें पाहिलें आहे.

कारागिराला प्रथम विचारावें, ‘पट्टी गेली कीं पॅनेल?’ पट्टी किंवा तिला वीज पुरविणारा भाग थोडक्या खर्चांत बदलतो. पॅनेलचा खर्च पुष्कळदां नव्या संचाच्या घरांत जातो. संच स्वतः उघडूं नये. बटण बंद केल्यावरही आंत वीज सांठलेली असते. पट्ट्या बदलावयाच्या तर सर्व एकदम बदलाव्या, कारण नव्या दिव्याचें तेज शेजारच्या जुन्यांशीं जुळत नाहीं.