रूपांतर आणि दुभाष्या

परक्या भाषेतील नाटक आपल्या प्रेक्षकांपुढे आणावयाचे, तर दोन वाटा असतात. कोणी जाणत्या लेखकाने मूळ संहिता हाती घ्यावी आणि ती आपल्या भाषेत नव्याने उतरवावी, ही एक. नाटक मूळ भाषेतच होऊ द्यावे आणि प्रेक्षकांच्या शेजारी दुभाष्या बसवावा, ही दुसरी. पहिली वाट मानाची आणि दुसरी गरजेपोटी पत्करलेली, असा सर्वांचाच समज असतो. संगणकावरील खेळांच्या बाबतीत मात्र या समजाला चांगलाच धक्का बसला आहे. लिनक्स या खुल्या प्रणालीवर खेळ आणण्याचा जो खटाटोप गेली पंचवीस वर्षे चालला आहे, त्यात मानाची वाट वारंवार खचली आणि दुभाष्या टिकून राहिला.

हे का घडले, हे समजण्यासाठी आधी लिनक्सची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला. तिची संहिता कोणीही वाचावी, सुधारावी, वाटावी, अशी मुभा आहे. जगातील मोठमोठे सर्व्हर तिच्यावर चालतात, अँड्रॉइड फोनच्या पोटातही तिचाच गाभा आहे. पण घरातील टेबलावरच्या संगणकावर राज्य राहिले ते मायक्रोसॉफ्टच्या विंडोजचे. खेळ तयार करणारा जेथे गिऱ्हाईक अधिक तेथे जातो, आणि गिऱ्हाईक जेथे खेळ अधिक तेथे राहते. हे चक्र मोडावे कोणी आणि कसे, असा हा प्रश्न होता.

पहिला मोठा प्रयत्न रूपांतराचा झाला. संगणकाच्या व्यवहारात अशा रूपांतराला पोर्ट म्हणतात. वकिली पेशातून आलेल्या स्कॉट ड्रेकर यांनी १९९८ साली कॅलिफोर्नियात ‘लोकी सॉफ्टवेअर’ ही कंपनी काढली. मूळ मालकाकडून परवाना घ्यायचा, त्याची संहिता मिळवायची, विंडोजला उद्देशून लिहिलेला भाग काढून तेथे लिनक्सला कळेल असा भाग बसवायचा आणि तो खेळ विकायचा, असा हा धंदा. ‘सिव्हिलायझेशन : कॉल टू पॉवर’ हा त्यांचा पहिला खेळ १९९९ साली बाजारात आला, मागोमाग आणखी कितीतरी आले. काम नेटके होते. पण जानेवारी २००२ मध्ये कंपनीला टाळे लागले.

लोकीची माणसे अडाणी नव्हती, आळशीही नव्हती. अडचण धंद्याच्या रचनेतच होती. विंडोजवरचा खेळ बाजारात आल्यावर काही महिन्यांनी त्याचे रूपांतर येणार. तोवर उत्सुक खेळाडूने मूळ खेळ घेऊन टाकलेला असणार, कारण त्याने लिनक्सशेजारीच, त्याच संगणकावर, विंडोजही ठेवलेले असे. आणि याहून मोठी गोष्ट अशी की, ज्या संहितेवर लोकीने श्रम केले ती तिची नव्हतीच. कंपनी गेली तेव्हा त्या रूपांतरांना वाली उरला नाही. खाली लिनक्स बदलत गेले आणि ती रूपांतरे एकामागून एक मुकी होत गेली.

येथे लिनक्सचा एक जुना दोष सांगितला पाहिजे. गाभ्यापुरता टोरवाल्ड्स यांचा नियम कडक आहे : काल चालणारा प्रोग्राम आज मोडता कामा नये. पण गाभ्याच्या वर जी लायब्ररींची उतरंड असते, तिला हा नियम लागू नाही. प्रत्येक वितरण आपापल्या लायब्ररी, आपापल्या आवृत्त्या घेऊन चालते. ज्याची संहिता खुली आहे तो प्रोग्राम पुन्हा बांधून घेता येतो, म्हणून तेथे फारसे बिघडत नाही. कुलपात ठेवलेल्या खेळाला ती सोय नाही. २०१४ साली पोर्टलंड येथे डेबियनच्या परिषदेत खुद्द टोरवाल्ड्स यांनी या अव्यवस्थेवर सडकून टीका केली होती. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये जीलिबसी या पायाभूत लायब्ररीची २.३६ वी आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यातील एका लहानशा बदलाने फसवणूक-प्रतिबंधाची एक यंत्रणा बंद पडली आणि तिच्यावर अवलंबून असलेले खेळही अडले. लिनक्सवर सर्वांत स्थिर असे काही असेल तर ते विंडोजचे प्रोग्राम, असे जाणकार तेव्हा थट्टेने म्हणू लागले. थट्टा खरी, पण पोकळ नव्हे. लोकीच्या काळातील खेळाची लिनक्सवरची प्रत आज सहजासहजी उघडत नाही, आणि त्याच खेळाची विंडोजवरची प्रत दुभाष्याच्या मदतीने त्याच लिनक्सवर बहुधा चालते.

या दुभाष्याचे नाव वाइन. १९९३ साली काम सुरू झाले. १९९४ पासून अलेक्सांद्र ज्युलियार त्याची धुरा वाहत आहेत. वाइन म्हणजे नक्कल करणारे यंत्र नव्हे, असा त्या नावाचाच लांबलेला अर्थ आहे, आणि तो बरोबर आहे. विंडोजवरचा प्रोग्राम आणि लिनक्सचा संगणक यांचा प्रोसेसर एकच असतो. म्हणून आकडेमोडीच्या आज्ञा जशाच्या तशा, पूर्ण वेगाने पार पडतात. पाहुणा यजमानाकडे काही मागतो तेवढ्यापुरताच दुभाष्या मध्ये पडतो. ही फाईल उघडा, येथे खिडकी काढा, हा आवाज वाजवा, अशी मागणी विंडोजच्या बोलीत आली की वाइन ती लिनक्सच्या बोलीत सांगतो आणि उत्तर उलट पोचवतो.

ऐकावयास सोपे वाटते. पण वाइनची पहिली पक्की आवृत्ती निघावयास २००८ साल उजाडले, म्हणजे पंधरा वर्षे लागली. मायक्रोसॉफ्टची संहिता बंद. तिच्याकडे डोकावावयाचे नाही, हा वाइनकारांचा स्वतःचा दंडक. तेव्हा बाहेरून प्रश्न विचारावयाचे, विंडोज काय उत्तर देते ते टिपून ठेवावयाचे, आणि तेच उत्तर देणारी स्वतःची रचना उभारावयाची. शिवाय छापील माहितीपत्रकात जे लिहिले आहे तेवढ्याने भागत नाही. विंडोजच्या कित्येक चुकांवरच खेळ विसंबून असतात. त्या चुकाही इमानाने उतरवाव्या लागतात. दुभाष्याला यजमानाचे व्याकरण यावे लागते, हे ठीकच. येथे पाहुण्याच्या बोबडेपणाचाही अभ्यास करावा लागला!

मधल्या काळात रूपांतराला पुन्हा एकदा बहर आला. खेळांची दुकानदारी करणाऱ्या व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीला २०१२ साली विंडोज ८ आणि त्यासोबत आलेले मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे दुकान यांची धास्ती वाटली. तिने आपले स्टीम हे दुकान २०१३ च्या फेब्रुवारीत लिनक्सवर आणले. लंडनची फेरल इंटरॅक्टिव्ह, टेक्सासची अॅस्पायर अशा कंपन्यांनी नामांकित खेळांची रूपांतरे केली, त्यांतली काही फार चांगली होती. तरीही नोव्हेंबर २०१५ मध्ये विक्रीस आलेल्या ‘स्टीम मशीन’ संगणकांना गिऱ्हाईक मिळाले नाही, कारण गाजलेल्या खेळांपैकी बरेचसे त्यांच्यावर नव्हतेच.

याच बहरातला ‘द विचर २’चा प्रसंग बोधक आहे. मे २०१४ मध्ये तो लिनक्सचा खेळ म्हणून आला, इतका मंद की लोक खवळले. आत पाहता मूळ संहितेला विंडोजची बोली उलगडणारे वेष्टन गुंडाळलेले निघाले. म्हणजे रूपांतराचा पोशाख घातलेला दुभाष्याच. पुढे तो पुष्कळ सुधारला. पण पोर्ट म्हणजे अस्सल आणि दुभाष्या म्हणजे कमअस्सल, ही जी रेघ लोकांनी मनात ओढली होती, ती त्या दिवशी पुसट झाली.

दुभाष्याची खरी कसोटी चित्रांत होती. विंडोजवरचे खेळ डायरेक्ट-थ्रीडी या मायक्रोसॉफ्टच्या चित्रभाषेत बोलतात. २०१६ साली व्हल्कन ही नवी, सर्वांना खुली चित्रभाषा आली. फिलिप रेबोले या प्रोग्रामरला ‘नीअर : ऑटोमाटा’ हा खेळ लिनक्सवर खेळावयाचा होता, त्याने डायरेक्ट-थ्रीडीचे बोलणे व्हल्कनमध्ये उतरवणारा ‘डीएक्सव्हीके’ हा प्रोग्राम लिहावयास घेतला. व्हॉल्व्हने त्याला पाठबळ दिले, कोडवीव्हर्स या वाइनच्या जुन्या कंपनीला सोबत घेतले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये या सर्वांची मोट बांधून ‘प्रोटॉन’ प्रसिद्ध केले. आरंभी २७ खेळांची हमी होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक हा हातात धरावयाचा संगणक लिनक्ससह विक्रीस आला, तोवर चालणाऱ्या खेळांची संख्या हजारांत गेली होती.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आयबीएमच्या ओएस-टू या प्रणालीची १९९२ ची आवृत्ती विंडोजचे प्रोग्राम उत्तम चालवीत असे. मग ओएस-टूसाठी वेगळे कोणी कशाला लिहील? कोणी फारसे लिहिले नाही, आणि २००५ साली तिची विक्री थांबली. प्रोटॉननंतर लिनक्सवरही रूपांतरे रोडावली. ‘रॉकेट लीग’ या खेळाने तर आपली चालू असलेली लिनक्सची आवृत्ती मार्च २०२० मध्ये काढून घेतली. दुभाष्या भेटला की माणसे भाषा शिकणे सोडतात, हे खरेच आहे. आणि बोली कोणती असावी हे ठरवणारा मायक्रोसॉफ्टच राहतो, हेही खरे.

तथापि ओएस-टूची उपमा एका जागी लंगडी पडते. ती प्रणाली एका कंपनीची होती. कंपनीचे मन विटले की संपली. वाइनचे तसे नाही. २००२ साली त्याच्या परवान्यात बदल करण्यात आला, तो नेमका याचसाठी की, त्याच्या संहितेत सुधारणा करून ती विकणाऱ्याने त्या सुधारणा खुल्या ठेवाव्यात. त्याआधी ट्रान्सगेमिंग या कंपनीने वाइनवरून स्वतःचा बंदिस्त दुभाष्या बेतला होता. तो २०११ साली बंद पडला. वाइन चालूच आहे. उद्या व्हॉल्व्हने अंग काढून घेतले, तर वेग मंदावेल, पण झालेले काम कोणी उचलून नेऊ शकणार नाही.

मग रूपांतर ही वाटच खोटी काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. आयडी सॉफ्टवेअरने ‘डूम’ या आपल्या खेळाची संहिता १९९७ च्या अखेरीस सर्वांसाठी मोकळी केली. गंमत अशी की, मूळ आवृत्तीतील ध्वनीचा भाग परक्या मालकीचा असल्यामुळे जी संहिता प्रसिद्ध झाली ती लिनक्सवरच्या रूपांतराची होती. त्या खेळाची रूपांतरे आजही निघत आहेत, आणि कोणत्याही लायब्ररीने कूस बदलली तरी त्यांना कोणी ना कोणी डागडुजी करणारा भेटतो. लोकीचे रूपांतर मेले ते रूपांतर होते म्हणून नव्हे, तर त्याची संहिता कुलपात होती आणि किल्ली परक्याच्या खिशात होती म्हणून. स्वतः लोकीने जोपासलेले ‘एसडीएल’ हे खुले साधन, सॅम लँटिंगा यांनी रचलेले, आजही असंख्य खेळांच्या पायाशी आहे.

कुलपापुढे दुभाष्याचेही काही चालत नाही, हे अनेक जणांनी मिळून खेळावयाच्या खेळांत दिसते. तेथे फसवणूक रोखणारी यंत्रणा खेळाडूच्या संगणकात खोलवर शिरून पहारा करते. २०२१ साली अशा दोन प्रमुख यंत्रणांनी प्रोटॉनला वाट दिली, पण दार उघडावयाचे की नाही हे प्रत्येक खेळाच्या मालकावर सोपवले. ‘एपेक्स लेजेंड्स’ने ते उघडले, आणि लिनक्सच्या आडून लबाडी होते असे सांगून २०२४ च्या ऑक्टोबरअखेर पुन्हा लावून घेतले. दुभाष्या शब्द सांगू शकतो. यजमानावर विश्वास ठेवा, असे पाहुण्याला बजावणे त्याच्या अधिकारात नाही.

इकडे विंडोजच्या घरातही बदल होत गेले. जुने खेळ तेथे नव्या यंत्रांवर अडखळू लागले. आणि ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’सारखा २००८ सालचा खेळ नीट चालावा म्हणून विंडोजवरचेच खेळाडू लिनक्ससाठी घडवलेले डीएक्सव्हीके आपल्या संगणकात आणून बसवू लागले आहेत.