डॉक्टर उफ्वे आणि वेठीचा कायदा
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आज आम्ही आपल्याला एका डॉक्टरची हकीकत सांगणार आहों. तो आपल्या मुलखांतला नव्हे. आफ्रिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. आपण मनांत म्हणाल, इतक्या दूरच्या माणसाची गोष्ट ऐकून आमच्या पदरांत काय पडणार? पण वेठ म्हणजे काय आणि आपल्या मालाचा भाव दुसऱ्यानें ठरविला म्हणजे काय होतें, हें ज्याला ठाऊक आहे त्याला ही गोष्ट परकी वाटणार नाहीं. म्हणून आधीं ऐका, मग काय तें ठरवा.

त्या देशाचें नांव आयव्हरी कोस्ट, म्हणजे हस्तिदंताचा किनारा. तेथें पूर्वीं फ्रेंचांचें राज्य होतें. कॉफी आणि कोको हीं तेथलीं मुख्य पिकें. ज्या बियांपासून चॉकलेट करतात तोच हा कोको. आजही जगांत सर्वांत जास्त कोको त्याच देशांत पिकतो. या देशाच्या मध्यभागीं यामुसुक्रो नांवाचें एक खेडें होतें. तेथें बाउले लोकांच्या एका प्रमुखाच्या घराण्यांत फेलिक्स उफ्वे याचा जन्म झाला. सरकारी दप्तरीं जन्मसाल १९०५ लिहिलेलें आहे. मुलगा हुशार निघाला. सेनेगालांतील डाकार शहरीं फ्रेंचांनीं आफ्रिकन मुलांसाठीं वैद्यकाची शाळा काढली होती. तेथून १९२५ सालीं तो पहिल्या नंबरानें पास होऊन बाहेर पडला.

पण डॉक्टर म्हणजे कसला डॉक्टर, तेंही पहा. त्या शाळेच्या दाखल्याला खुद्द फ्रान्समध्यें किंमत नव्हती. गोऱ्या डॉक्टरच्या हाताखालीं राबावयाचें, काम तेंच करावयाचें, आणि पगार व मान मात्र खालचा घ्यावयाचा. आबिजानच्या इस्पितळांत नेमणूक झाल्यावर उफ्वे यानें आपल्यासारख्या देशी वैद्यकीय नोकरांचें एक मंडळ काढलें. वरिष्ठांना त्यांत बंडाचा वास आला. १९२७ सालीं त्याची उचलबांगडी होऊन तो देशाच्या पश्चिम टोकाला, गिग्लो येथें जाऊन पडला. एकट्यानें कुरकुर केली तर साहेब हंसून सोडून देतो, पण दहाजण एकत्र बसले कीं त्याला झोंप येत नाहीं, हा धडा त्याला नोकरीच्या आरंभींच मिळाला.

१९२९ सालीं त्याची बदली पूर्वेकडे आबेंगुरू येथें झाली. हा कोकोचा मुलूख. थोड्याच दिवसांत जगभर मंदी आली आणि कोकोचा भाव कोसळला. शेतकऱ्यानें वर्षभर झाडें राखावीं, शेंगा फोडाव्या, बिया आंबवून उन्हांत वाळवाव्या, आणि व्यापाऱ्यानें दारांत येऊन मनाला येईल तो भाव सांगावा! १९३२ सालीं डॉक्टर उफ्वे या शेतकऱ्यांच्या बाजूनें उभा राहिला. आपल्याला फार लुटलें आहे, अशा अर्थाच्या मथळ्याचा एक लेख त्यानें वर्तमानपत्रांत छापविला. मात्र सरकारी नोकर असल्यामुळें खालीं स्वतःचें नांव घालतां आलें नाहीं.

आतां त्या देशांतल्या वेठीचें स्वरूप सांगतों. सरकारी अंमलदार परगण्याच्या प्रमुखाला हुकूम सोडी कीं, इतकीं माणसें पाठव. प्रमुखानें तीं गांवांतून काढून द्यावयाचीं. न दिलीं तर त्याच्याच मानेवर येई. हीं माणसें रस्त्यांवर, रेल्वेवर, लाकूडतोडीवर आणि गोऱ्या मळेवाल्यांच्या मळ्यांवर महिनेच्या महिने राबत. अंमलदाराला कोर्टकचेरीवांचून माणसाला तुरुंगांत घालण्याचा व दंड करण्याचा अधिकार असे. उत्तरेला अपर व्होल्टा म्हणून दाट वस्तीचा स्वतंत्र प्रांत होता. १९३२ सालीं सरकारनें तो प्रांतच मोडला आणि त्याचा मोठा भाग आयव्हरी कोस्टला जोडला. तेथलीं माणसें कामाला मिळावींत हा त्यांतला एक उघड हेतु होता. दुसऱ्या महायुद्धांत हा जुलूम शिगेला पोंचला. गोऱ्याच्या कोको-कॉफीला भाव जास्त, मजूर सरकार पुरवी. काळ्या शेतकऱ्याला भाव कमी, आणि मजूर तर नाहींतच, उलट स्वतःचें पीक झाडावर सोडून त्यालाच दुसऱ्याच्या मळ्यावर वेठीला जावें लागे.

डॉक्टरनें अशा माणसाला कोणतें औषध द्यावें? अंगांतला ताप औषधानें उतरेल; पण बरा झालेला माणूस पुन्हां त्याच वेठीला जाणार असेल तर रोग कोठें आहे?

१९४० च्या सुमारास भाऊ वारल्यावर उफ्वे आपल्या परगण्याचा प्रमुख झाला आणि त्यानें दवाखाना सोडला. घरची जमीन होती. कॉफी-कोकोची लागवड वाढवून तो देशांतल्या मोठ्या आफ्रिकन बागाईतदारांत गणला जाऊं लागला. १९४४ च्या सप्टेंबरांत आबिजान येथें त्यानें आपल्या सोबत्यांसह आफ्रिकन शेतकरी संघ स्थापन केला. त्या वेळचा गव्हर्नर आंद्रे लात्री हा सरळ मनाचा असल्यामुळें संघाला श्वास घेण्यापुरती जागा मिळाली.

येथें एक गोष्ट आम्ही लपवून ठेवूं इच्छित नाहीं. हा संघ अगदीं गरिबांचा नव्हता. निदान दोन हेक्टर कॉफी किंवा तीन हेक्टर कोको असेल त्यालाच सभासद होतां येई. म्हणजे सुमारें पांच एकरांच्या आंतला माणूस बाहेरच. जो भूमिहीन मजूर वेठीला जाई त्याची या वहींत नोंदच नव्हती. तरी संघानें वेठीवर हत्यार उपसलें, कारण वेठ बंद झाल्यावांचून सभासदांनाही मजूर मिळणार नव्हते. संघानें उत्तरेकडील कोरहोगोच्या वृद्ध प्रमुखाच्या, ग्बॉन कुलिबाली यांच्या मदतीनें खुशीनें येणारे मजूर आणले आणि त्यांना गोऱ्या मळ्यांपेक्षां बरी मजुरी दिली. धाक घातल्याशिवाय काळा मनुष्य कामच करीत नाहीं, असें जे गोरे मळेवाले सांगत होते त्यांचें तोंड या एका गोष्टीनें बंद झालें.

महायुद्ध संपल्यावर पॅरिसमध्यें नवी राज्यघटना करण्यासाठीं सभा भरली आणि वसाहतींतल्या लोकांनाही तींत थोड्या जागा मिळाल्या. १९४५ च्या निवडणुकींत संघाच्या बळावर उफ्वे थोड्याशा मतांनीं निवडून आला. याच वेळीं त्यानें आपल्या नांवाला ब्वान्यी हें नांव जोडलें. बाउले भाषेंत त्याचा अर्थ एडका, म्हणजे टक्कर देणारा मेंढा. १९४६ च्या मार्चमध्यें त्यानें सभेपुढें विधेयक मांडलें कीं, समुद्रापलीकडच्या फ्रेंच मुलखांत सक्तीची मजुरी साफ बंद व्हावी. त्याच सालीं ११ एप्रिल रोजीं तें मंजूर झालें. कायदा अगदीं आटोपशीर. पण त्या चार ओळींनीं एका देशाची नव्हे, तर फ्रेंचांच्या सगळ्या वसाहतींतली वेठ बेकायदा ठरली. आतां मळे ओस पडतील म्हणून ओरड झाली. मळे ओस पडले नाहींत. मजूर उत्तरेकडून येतच राहिले, पण आतां आपल्या पायांनीं आले; आणि पुढच्या काळांत कोको-कॉफीचें पीक वाढतच गेलें.

त्यानंतर सरकार उलटलें. उफ्वे यांचा पक्ष संघाच्याच पायावर उभा राहिला होता. १९४९ च्या फेब्रुवारींत त्या पक्षाचे पुढारी पकडून ग्रां-बासाम येथील तुरुंगांत डांबले. तेव्हां डिसेंबरांत बायका उठल्या. त्यांनीं ग्रां-बासामच्या तुरुंगाकडे मोर्चा नेला आणि शिपायांचा मार खाल्ला, पण मागें फिरल्या नाहींत. माताभगिनींनो, त्या देशांत आजही या मोर्चाची आठवण मानानें काढतात.

येथवर गोष्ट गोड आहे. पुढची अर्धीही सांगणें आमचें कर्तव्य आहे.

१९६० सालीं ७ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला आणि उफ्वे-ब्वान्यी अध्यक्ष झाले. ते १९९३ सालीं मरेपर्यंत अध्यक्षच राहिले. रस्ते झाले, शाळा झाल्या, बंदर वाढलें. १९७० च्या दशकाच्या अखेरीस देश कोकोंत जगांत पहिला आला. हें सर्व खरें. पण १९९० पर्यंत दुसऱ्या पक्षाला निवडणुकीस उभें राहूं दिलें नाहीं. १९६३ सालीं कटाच्या आरोपावरून स्वतःचेच जुने सोबती तुरुंगांत घातले. आणि तो कट खोटा होता हें पुढें त्यांनींच कबूल केलें. पक्ष मोठा झाला, शेतकऱ्यांचा संघ मागें पडला. कोकोचा भाव आतां सरकारी खातें ठरवूं लागलें. बाजार तेजींत असे तेव्हां वरची साय सरकारच्या तिजोरींत जाई. बाजार पडला तेव्हां, १९८९ सालीं, शेतकऱ्याचा भाव किलोला ४०० फ्रँकांवरून २०० वर आला. त्याच वेळीं यामुसुक्रो येथें संगमरवरी, जगांतल्या मोठ्यांत मोठ्या देवळांत गणलें जाणारें ख्रिस्ती देऊळ पुरें होत होतें. १९९० सालीं पोपसाहेबांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. भाव पडला त्या सालीं जाब विचारील असा शेतकऱ्यांचा स्वतःचा संघ उरला नव्हता. जो असा संघ काढणारा, तोच आतां सरकार होता.

आणखी एक गोष्ट नीट लक्षांत ठेवा. १९६३ सालीं अध्यक्षांनीं जाहीर केलें कीं, जो जमीन कसील त्याची ती. ऐकावयास किती गोड! उत्तरेकडचे लाखों मजूर त्या शब्दावर विसंबले. रान तोडून त्यांनीं कोको लावला आणि त्यांचीं मुलें तेथेंच वाढलीं. पण तो शब्द जमिनीच्या पक्क्या कायद्यांत कधीं उतरला नाहीं. बोलणारा वारल्यावर १९९८ सालीं कायदा झाला कीं, शेतजमिनीची मालकी देशाच्या नागरिकांनाच मिळेल. ज्यांचे बाप वेठीला आले होते आणि जे स्वतः खुशीनें आले होते, अशा किती तरी कुटुंबांच्या पायांखालची जमीन हलली. २००२ सालीं त्या देशांत यादवी पेटली. तिच्या मुळांशीं जमीन आणि नागरिकत्व यांचे तंटे होते.

आतां हे दोन्ही प्रसंग शेजारीं ठेवून पहा. १९४६ सालीं माणूस लहान होता, सत्ता त्याच्या हातीं नव्हती. पण पाठीशीं संघ होता आणि हातांत लेखी कायदा आला. तो कायदा त्याच्या मागेंही टिकला. १९६३ सालीं तोच माणूस सर्वसत्ताधीश होता. त्याचा शब्द म्हणजे हुकूम. तो शब्द त्याच्याबरोबर मातींत गेला. माणूस वाईट होता म्हणून असें झालें, असें आम्ही म्हणत नाहीं. डॉक्टर उफ्वे यांचे उपकार कोणीही विसरूं नयेत. पण मेहेरबानीनें मिळालेला हक्क मेहेरबान असेपर्यंतच राहतो.

म्हणून आमचें आपल्याला सांगणें इतकेंच. पुढारी चांगला मिळाला तर त्याला निवडून द्या, त्याच्यामागें उभे रहा. पण संघाची वही, जमाखर्च आणि सभेची चावी त्याच्या घरीं नेऊन देऊं नका. ज्याच्याजवळ दोन एकर आहेत आणि ज्याच्याजवळ नुसते हात आहेत, त्याचें नांव त्या वहींत प्रथम लिहा. कारण बाहेर राहिलेला माणूसच पुढें सर्वांत आधीं उघडा पडतो. आणि कोणीं तोंडीं वचन दिलें तर त्याचे आभार माना, पण त्याच बैठकींत नम्रपणें म्हणा: साहेब, एवढें लिहून द्या.